गुप्ततेचं बंधन तुमच्यावर होतं, माझ्यावर नाही

आदरणीय सर,

गुप्तता पाळण्याचं बंधन तुमच्यावर होतं, माझ्यावर नव्हतं. म्हणून हे पत्र मी उघडपणे लिहिते आहे. तुमच्याकडे येणाऱ्या माणसांची नावं तुम्ही कधी कुणाजवळ काढली नाहीत, आणि त्यामुळेच तुम्ही गेल्यावर तुमच्या खोलीत नेमकं काय घडायचं हे सांगणारं कुणी पुढे आलं नाही. ऑपरेशन करून वाचलेला पेशंट चारचौघांत सर्जनचं नाव घेतो. मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बरं झालेलं माणूस बहुतेकदा गप्प बसतं. मला गप्प बसायचं नाही.

मी तुमच्याकडे आले तेव्हा माझं हृदय बिघडलंय अशी माझी खात्री होती. अचानक छातीत धडधड सुरू व्हायची, हातांना मुंग्या यायच्या, डोळ्यांपुढे अंधारी यायची. आता आपण मरणार, हे इतकं ठाम वाटायचं की त्यावर शंका घ्यायला सवडच मिळायची नाही. ईसीजी नॉर्मल, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. टेन्शन घेऊ नका, असं प्रत्येकानं सांगितलं होतं. तुम्ही ते वाक्य एकदाही उच्चारलं नाहीत. "धडधड खरी आहे, मुंग्याही खऱ्या आहेत," तुम्ही म्हणालात, "त्यांचा अर्थ काय लावायचा तेवढं आपण तपासून बघू."

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेलं पॅनिकचं, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचं, चक्र तुम्ही एका कागदावर काढून दाखवलंत. शरीरात काहीतरी किरकोळ जाणवतं, मन त्याचा भयंकर अर्थ लावतं, त्या अर्थानं भीती वाढते, भीतीनं धडधड आणखी वाढते, आणि वाढलेली धडधड हाच पहिल्या समजुतीचा पुरावा ठरतो. चित्र पटलं, पण पटणं आणि भीती जाणं यांत बरंच अंतर असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पुढच्या भेटीत तुम्ही मला मुद्दाम भराभर आणि खोल श्वास घ्यायला लावलात. मिनिटाभरातच मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं, माझी नेहमीची सगळी लक्षणं हजर झाली. जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकुंचन पावतात आणि म्हणून गरगरतं, हे तुम्ही नंतर समजावून सांगितलंत. पण मला आठवतं ते वेगळंच. तो सगळा वेळ तुम्हीही समोरच्या खुर्चीत बसून माझ्याबरोबर तसाच श्वास घेत होतात, आणि तुमचाही चेहरा लाल झाला होता. ज्याला आपण मरण समजत होतो ते दोन माणसं एका खोलीत बसून मुद्दाम घडवून आणू शकतात, हे कळल्यावर त्या भीतीचा निम्मा दरारा तिथेच संपला.

उरलेला निम्मा संपायला वेळ लागला. पाण्याची बाटली घेतल्याशिवाय बाहेर न पडणं, कुठेही दाराजवळची जागा धरणं, एकटीनं प्रवास टाळणं. या सवयी मला वाचवतात असं मी धरून चालले होते. त्या तुम्ही हिसकावून घेतल्या नाहीत. "या आठवड्यात कोणती सोडून बघायची?" असं विचारायचात, आणि निवड माझ्यावर सोडायचात. बाटली घरी ठेवून मी बाहेर पडले, पॅनिक अटॅक आला, काही मिनिटांत शिगेला पोचला आणि आपोआप ओसरला. कशानंही थांबवला नव्हता तरी ओसरला. ते मी सांगितलं तेव्हा तुम्हाला जो आनंद झाला तो मी दुसऱ्या कुठल्याच डॉक्टरच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्याबद्दल तुम्ही फार आपुलकीनं बोलायचात. नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, या मनोविश्लेषणातल्या कल्पनेला आधार मिळावा म्हणून त्यांनी नैराश्यातल्या रुग्णांची स्वप्नं तपासली. रागाऐवजी त्यांत पराभव आणि काहीतरी गमावल्याची भावनाच भरलेली सापडली, तेव्हा ज्या विचारात ते घडले होते तोच त्यांनी बाजूला ठेवला. त्यातून पुढे जी उपचारपद्धती उभी राहिली तिचा फायदा माझ्यासारख्या किती जणांना झाला असेल. पुरावा समोर आल्यावर स्वतःचं मत बदलणारा माणूस म्हणून तुम्हाला ते मोठे वाटायचे. मला वाटतं, तुम्ही माझ्याकडूनही तेवढंच मागत होतात: आपल्या भीतीपेक्षा पुराव्यावर थोडा जास्त विश्वास.

संध्याकाळी सातनंतर तुमचा फोन बंद असायचा. पहिल्याच भेटीत तुम्ही ते सांगितलंत, आणि तातडीची वेळ आली तर कुणाला फोन करायचा, कुठे जायचं, हेही लिहून दिलंत. "सातनंतर मी घरचा असतो," एवढंच तुमचं स्पष्टीकरण. रात्री-अपरात्री धावून येणाऱ्या माणसाला आपण थोर म्हणतो. माझं मत आता वेगळं आहे. पुढच्या भेटीत तुम्ही ताजेतवाने असायचात, आधी सांगितलेलं नातेवाइकाचं नावसुद्धा तुमच्या लक्षात असायचं, तुमच्या चेहऱ्यावर कधी उसनी सहानुभूती दिसली नाही. ते बळ सातनंतरच्या त्या घरातून येत होतं. आणि फोन बंद होता म्हणूनच मी माझ्या रात्री स्वतः निभावायला शिकले.

माझे वडील गेले तेव्हा मी पुन्हा आले. दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मी कुठेतरी वाचल्या होत्या आणि आपण कितव्या पायरीवर अडकलोय हे शोधत होते. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी नव्हेत, हे तुम्ही सांगितलंत. मग स्ट्रोब आणि शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेली गोष्ट सांगितलीत: माणूस कधी दुःखात बुडतो, कधी बिलं भरतो, हसतो, नव्या कामाला लागतो, आणि या दोन्हींत ये-जा करणं हेच सावरणं असतं. वडिलांना जाऊन महिना झाला नसताना एका विनोदावर मी खळखळून हसले होते. ते अपराधीपण तुम्ही माझ्या डोक्यावरून उतरवलंत.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा ही ये-जा मला पुरती ओळखीची होती, तरी एक अडचण नवीन होती. मी रडत होते ते कोणत्या नात्यानं? दुःखाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलं, ज्याला समाजात मान्यता नसते, ज्याच्यासाठी कुणी सुट्टी देत नाही, भेटायला येत नाही. थेरपिस्ट गेल्यावर त्याच्याकडे येणाऱ्यांचं दुःख त्यातच मोडतं. तुमच्या शोकसभेत मी मागे बसले. शेजारच्या बाईंनी तुमची-माझी ओळख कशी हे विचारलं नाही. तुमचीच कुणी असावी त्या, किंवा माझ्यासारखीच एखादी.

त्या सभेत मी तुमच्या घरच्यांना पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं तुमच्यासमोर बसूनही तुम्हाला दोन मुली आहेत हे मला माहीत नव्हतं. धाकटी म्हणाली की बाबांनी आमच्या गणितापासून प्रेमभंगापर्यंत सगळं ऐकलं, पण घरात ते मानसशास्त्रज्ञ कधीच नसायचे. भांडण झालं की चुकायचे, रुसायचे, आणि झोपायच्या आधी माफी मागायला येऊन बसायचे. थोरलीनं सांगितलं की आई आजारी असताना त्यांनी कितीतरी महिने अर्धा दिवसच काम केलं. तो काळ मला आठवतो. सकाळच्याच वेळा मिळायच्या आणि कारण कुणालाच माहीत नव्हतं. त्या सकाळींमध्येही तुम्ही पूर्णपणे माझ्यापुढे हजर होतात, सर. ते तुम्हाला कसं जमलं असेल याचा विचार मी अजून करते.

मॅडम, हे शेवटचं तुमच्यासाठी. तुम्ही म्हणालात की चाळीस वर्षं त्यांनी घरी कामाचा एक शब्द सांगितला नाही, त्यामुळे त्यांचा कुणाला किती उपयोग झाला हे तुम्हाला कधी कळलंच नाही. मी आज एकटीनं प्रवास करते. लोकांनी भरलेल्या सभागृहात मधल्या रांगेत बसते. वडिलांच्या आठवणीनं रडते आणि त्याच दिवशी हसतेही. हे सरांमुळे झालं, आणि तुम्ही व मुलींनी त्यांना रोज सकाळी आमच्याकडे पाठवलंत म्हणून झालं. तुम्हा तिघींचे आणि त्यांचे मनापासून आभार.

तुमची,
त्यांच्याकडे येणाऱ्यांपैकी एक