पुस्तकाचा आडोसा काढून घेऊ नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्त्रियांच्या प्रश्नांवरचे चित्रपट आणि पुस्तके घेऊन चर्चा करणाऱ्या गटांविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. या कामाला आपण जागा दिलीत, याबद्दल मनापासून आभार. मात्र लेखात अशा गटांचे वर्णन ‘बायकांनी मन मोकळे करण्याची जागा’ असे केले आहे आणि सोबत काही सहभागी स्त्रियांचे घरचे अनुभव त्यांच्या नावांसह छापले आहेत. गेली नऊ वर्षे असा एक गट चालवत असल्यामुळे या दोन्ही गोष्टींविषयी लिहिणे मला भाग आहे.

मन मोकळे होते, हे खरेच आहे. पण ते होते समोर पुस्तक असते म्हणून. जी बाई स्वतःच्या संसाराविषयी चारचौघांत अवाक्षर काढणार नाही, तीच कादंबरीतल्या नायिकेविषयी तासभर हिरिरीने बोलते. बोलता बोलता आपण नेमके कुणाविषयी बोलतो आहोत हे तिला उमगते, कधी कधी शेजारी बसलेलीलाही उमगते, आणि तरीही कुणी ते उघड करून दाखवत नाही. पुस्तकाचा हा आडोसा आहे, तोवर ती बोलते. तो काढून घेतला की तोंडातून शब्द फुटत नाही.

एक प्रसंग सांगते. नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ या १८७९ च्या नाटकाचा शेवट आम्ही वाचत होतो. नायिका नोरा नवऱ्याला सोडून निघते, हे सर्वांना आधीपासून ठाऊक होते आणि चर्चा नेहमीप्रमाणे ‘तिने मुलांना टाकून जायला हवे होते का’ या प्रश्नावर येऊन अडली होती. तेव्हा जवळपास दीड वर्ष नियमाने येऊनही कधीच न बोललेल्या एका बाईंनी पान मागे उलटले आणि विचारले, ‘‘निघायच्या आधी ती कपडे बदलून येते, ते का?’’ आम्ही पुन्हा वाचले. नाचासाठी घातलेला पोशाख उतरवून नोरा रोजच्या कपड्यांत बाहेर येते, नवऱ्याला टेबलाशी समोर बसवते आणि लग्नाला आठ वर्षे झाली तरी आपण दोघे गंभीरपणे कधी बोललोच नाही, हे त्याला सांगते. त्या बाई म्हणाल्या, ‘‘त्या नाचाच्या कपड्यांत ती हे बोलली असती, तर त्याने ऐकून घेतलं नसतं.’’ पुढचा पाऊण तास आपले बोलणे कोणत्या वेशात, कोणत्या खोलीत आणि दिवसाच्या कोणत्या वेळी ऐकले जाते, याच विषयावर सगळ्या बोलत राहिल्या. आपल्या घरी असे घडते, असे एकीनेही म्हटले नाही. म्हणण्याची गरजही नव्हती.

त्याच नाटकाला आणखी एक शेवट आहे, ही माहिती फार थोड्या वाचकांना असते. जर्मनीतल्या प्रयोगासाठी, नोराची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने मुलांना सोडून जाण्यास नकार दिल्यामुळे, इब्सेनने स्वतःच शेवट बदलून दिला. त्यात नवरा नोराला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि ती घर सोडत नाही. हा बदल इब्सेनला मुळीच मान्य नव्हता. आम्ही दोन्ही शेवट एकापाठोपाठ मोठ्याने वाचले. दुसरा शेवट खोटा आहे, असे तरुण मुली ठामपणे म्हणाल्या. वयाने मोठ्या दोघींनी मात्र सांगितले की तो खोटा नाही, फक्त नाटक तिथे संपायला नको होते. दारापाशी थांबलेली बाई दुसऱ्या दिवशी सकाळी काय करते, हे लिहायचे राहून गेले आहे. यावर एकमत झाले नाही आणि आजही झालेले नाही.

याच्या उलट अनुभवही माझ्याजवळ आहे. पूर्वी मी दुसऱ्या एका गटात जात असे. तिथे एका बैठकीला वक्ते म्हणून आलेल्या पाहुण्यांनी, अगदी आपुलकीच्या स्वरात, एका सभासद स्त्रीला विचारले, ‘‘तुमच्या घरी असं कधी झालंय का?’’ ती हसली, नाही म्हणाली, पुस्तक मिटून पर्समध्ये ठेवले आणि त्यानंतर पुन्हा कधी आली नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. पण तिच्याजवळ होते ते एकमेव पांघरूण त्या प्रश्नाने ओढून घेतले. आपल्या लेखाने नावांसह अनुभव छापून तेच केले आहे, असे मला खेदाने म्हणावे लागते. त्या स्त्रियांनी परवानगी दिली असेलही; परंतु लेख वाचून पुढच्या बैठकीला यायचे की नाही हे ठरवणाऱ्या इतर स्त्रियांची परवानगी कुणी घेतली नव्हती.

स्वतःचे अनुभव थेट सांगण्याचीही एक मोठी परंपरा आहे, याची मला जाणीव आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीत लहान लहान गट बसत, एकेक स्त्री पाळीपाळीने स्वतःविषयी बोले आणि खासगी वाटणारी दुःखे सगळ्यांचीच कशी आहेत, हे त्यातून दिसू लागे. त्या गटांचे ऋण मोठे आहे. पण तिथे येणारी स्त्री बोलायचे ठरवूनच येत असे. आमच्याकडे येणारी पुस्तक वाचायला येते, आणि तिला तेवढ्यावरच परत जाण्याचा पूर्ण अधिकार असला पाहिजे.

चित्रपटाच्या बाबतीत अडचण निराळी असते. दोन-अडीच तास चित्रपट दाखवून उरलेल्या वीस मिनिटांत चर्चा उरकण्याची पद्धत आहे. त्या वीस मिनिटांत निम्म्या स्त्रियांचे लक्ष घड्याळाकडे असते, कारण घरी वाट पाहणारे असतात, आणि मग माइक जो सोडत नाही त्याचेच मत सगळ्या गटाचे मत ठरते. बेल्जियन दिग्दर्शिका शान्ताल आकेरमान यांचा ‘जान दिलमन’ हा १९७५ चा चित्रपट २०१ मिनिटांचा आहे. एका विधवेचे तीन दिवस त्यात दिसतात; ती बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरूण नीट करते, आणि कॅमेरा ते काम जवळपास संपेपर्यंत हलत नाही. आम्ही तो तीन बैठकांत विभागून पाहिला. पहिल्या दिवशी एक जण वैतागून म्हणाली, ‘‘हे तर मी रोजच करते, ते बघायला इथे कशाला यायचं?’’ दुसऱ्या बैठकीत त्याच बाईंच्या लक्षात सर्वांच्या आधी आले की बटाटे जास्त शिजले आहेत आणि या घरात काहीतरी बिनसले आहे. रोजच्या कामाची इतकी बारीक जाण असलेला प्रेक्षक कोणत्या समीक्षकापेक्षा कमी आहे? ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपटविषयक मासिकाने २०२२ मध्ये घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात हा चित्रपट पहिला आला, हे मी त्यांना नंतर सांगितले. आधी सांगितले असते, तर त्या वैतागल्याच नसत्या आणि मग काही पाहिलेही नसते.

अमेरिकन व्यंगचित्रकार ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ च्या व्यंगचित्रातून आलेली कसोटीही अनेक गट वापरतात: चित्रपटात निदान दोन स्त्रिया आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या विषयावर बोलतात का. डोळे उघडायला ती चांगली आहे. पण कसोटीत बसला की चित्रपट स्त्रियांचा झाला, असे मानून चर्चा तिथेच थांबवणे मला पटत नाही.

पुरुषांनी यावे का, असे आपल्या लेखात विचारले आहे. जरूर यावे, पान वाचून यावे आणि त्या पानाविषयीच बोलावे.

शेवटी आपल्याकडे एक विनंती आहे. यापुढे अशा गटाची बातमी देताना सहभागी स्त्रियांची नावे, छायाचित्रे आणि घरच्या हकिकती वगळाव्यात. त्याऐवजी कोणत्या प्रसंगावर चर्चा झाली, मतभेद कुठे झाले आणि कोणता प्रश्न सुटायचा राहिला, एवढे सविस्तर छापावे. ते वाचून एखादी बाई आपल्या घरी बसून तेच पान उघडेल, आणि ती कोण, हे कुणालाही कळणार नाही.

आपली नम्र,
एका चर्चागटाची संयोजक