जुनंच छप्पर ठेवलं, सुहास

प्रिय सुहास,

तू व्हॉट्सअॅपवर विचारलंस की माझ्या जुन्या कॅम्पर व्हॅनचं, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या गाडीचं, छप्पर दुरुस्त करण्याचा एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा सरळ नवीनच का नाही बसवलं, आणि त्याचं उत्तर काही दोन ओळीत देता येईना म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. शिवाय या कामात निम्मं डोकं तुझंच आहे, तू मालवणातून, फायबरच्या होड्यांचं काम करता करता, फोनवर जे जे सांगत होतास त्याचं पुढे काय काय झालं ते तुला नीट कळायला पाहिजे.

गाडी तू फोटोत पाहिलीस पण छपराची रचना कळली नसेल. फोक्सवागनची टी-थ्री, १९८७ ची, १.६ लिटर टर्बो डिझेल, ७० हॉर्सपॉवर, इंजिन मागे. आतलं कॅम्पिंगचं सगळं काम वेस्टफालिया या कंपनीचं, त्या मॉडेलला जोकर म्हणतात. पत्र्याचं छप्पर कापून त्यावर फायबरचं टोपण बसवलेलं असतं, ते मागच्या बाजूला बिजागऱ्यांवर असतं आणि पुढून दांडा ढकलून वर उचलायचं, मग चारी बाजूंनी कॅनव्हास ताणला जातो आणि वर दोघांना झोपायला जागा होते. ड्रायव्हरच्या डोक्यावर सामानासाठी फायबरचा वेगळा ट्रे. एवढंच आहे बघ सगळं, मोटर नाही बटण नाही, आणि म्हणूनच मला ते इतकं आवडतं, जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं आणि हाताने दुरुस्त करता येतं.

गेल्या ऑक्टोबरात वरच्या गादीला मागच्या कोपऱ्यात ओल आली आणि पोरीने सांगितलं बाबा इथे वास येतोय. ज्याला त्याला विचारलं तर सगळ्यांचं एकच, कापड गेलंय. इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, एका वर्कशॉपवाल्याने तर गाडीभोवती एक चक्कर मारून सांगितलं की हे छप्पर काढून टाका, नवीन बसवून देतो, साडेपाच हजार युरो. कापड खराब झालंच होतं, कोपऱ्यात जिथे बंद करताना घडी चिमटीत सापडते तिथे भोकं होती, शिवणी उसवत होत्या. पण ओल होती ती छप्पर बंद असताना आलेली, म्हणजे कापड आत घडी होऊन बसलेलं असताना! मग कापडातून पाणी कसं येईल? हे मला पटेचना.

म्हणून पाईपने पाणी मारून बघायचं ठरवलं. बायको आत टॉर्च घेऊन आणि मी बाहेर पाईप घेऊन. यात एक गोष्ट महत्त्वाची आहे, पाणी खालून वर मारत जायचं. आधी फक्त छपराच्या कडेच्या रबराच्या खाली, थोडा वेळ थांबायचं, मग रबरावर, परत थांबायचं, मग बिजागऱ्यांवर. वरूनच सुरुवात केली तर सगळीकडे ओघळ जातात आणि नक्की कुठून आत शिरतंय ते कधीच कळत नाही. रबरावर मारलं तेव्हा काही नाही. डाव्या बिजागरीवर मारलं आणि पाच मिनिटात बायको आतून ओरडली, बोल्टच्या टोकाला थेंब धरलाय. आणि दुसरी जागा निघाली पुढच्या ट्रेची कड, तिथे कोणीतरी पूर्वी सिलिकॉन थापलेलं होतं, ते एका बाजूने सुटलं होतं आणि त्याच्या मागे पाणी साठून पत्र्याला गंज धरायला लागला होता.

म्हणजे नवीन कापड घालून टाकलं असतं तरी ओल तशीच राहिली असती, आणि नवीन छपराला पैसे घातले असते तर बिजागरीचा प्रश्न सुटला असता पण ट्रेखालचा गंज तसाच वाढत राहिला असता. माझं म्हणणं एवढंच आहे सुहास, आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं, मगच काय बदलायचं ते ठरवायचं. तू होड्यांच्या बाबतीत हेच करतोस, गाडीवाले का करत नाहीत मला कळत नाही.

नवीन छप्पर न घेण्याचं दुसरं कारण कागदपत्रांचं. जर्मनीत गाडी ३० वर्षांची झाली आणि बऱ्यापैकी मूळ अवस्थेत असली की एच नंबरप्लेट मिळते, एच म्हणजे हिस्टोरिश, ऐतिहासिक. त्यावर वर्षाला १९१.७३ युरो एवढाच ठरलेला टॅक्स, आणि शहरातल्या पर्यावरण झोनमध्ये हिरव्या स्टिकरशिवाय जाता येतं, जुन्या डिझेलला हे फार मोठं आहे. दुसऱ्या धाटणीचं आधुनिक छप्पर बसवलं तर मूळ अवस्था कुठे राहिली? शिवाय त्या वर्कशॉपवाल्याला पत्र्याचं भोक आणखी मोठं कापायचं होतं. छपराचा पत्रा गाडीचा सांगाडा ताठ ठेवतो, तो जास्त कापला की आतून फ्रेम चिकटवावी लागते आणि मग ते तपासून घेऊन गाडीच्या कागदांवर नोंदवावं लागतं. जुनी वस्तू दुरुस्त केली तर यातलं काहीच नाही.

आणि मुख्य म्हणजे फायबर ठणठणीत होतं रे! तू सांगितलंस तसं नाणं घेऊन सगळं छप्पर वाजवून बघितलं. सगळीकडे टणटण खणखणीत आवाज आणि फक्त बिजागऱ्यांच्या आजूबाजूला तळहाताएवढ्या जागेत बद्द. वरून जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, खडूसारखा झालेला, हात फिरवला की पांढरी पूड लागायची, पण ते नुसतं वरचं कातडं, घासून पॉलिश करून बरंचसं निघालं.

बद्द जागेत आतून ग्राइंडरने फायबर उघडलं तर खालचं लाकूड चहात बुडवलेल्या खारीसारखं झालेलं, बोटाने निघत होतं. बोल्टसाठी आत लाकडाचे तुकडे बसवलेले होते आणि बोल्टच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपलं. ते सगळं पटाशीने खरवडून काढलं, हीटर लावून आठवडाभर वाळू दिलं, आणि नवीन मरीन प्लायचे, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचे, तुकडे कापले. भोकांचं मात्र तुझ्या पद्धतीनेच केलं, बोल्टपेक्षा बरंच मोठं भोक पाडलं, त्यात घट्ट केलेलं इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळले की कडक होणारं रेझीन, भरलं, आणि ते कडक झाल्यावर त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक. आता बोल्टच्या बाजूने पाणी आलंच तरी लाकडाला लागणारच नाही, मध्ये इपॉक्सीची भिंत आहे. ही एक युक्ती मला इथल्या कोणी सांगितली नव्हती.

एका बाबतीत मात्र तुझं ऐकलं नाही. तू म्हणालास साधं पॉलिएस्टर रेझीन आणि मॅट, म्हणजे न विणलेल्या काचधाग्यांची चादर, चालेल, होड्यांना आम्ही तेच लावतो. पण तुम्ही बरंचसं नव्या कामात लावता, थरावर थर ओला असतानाच बसतो. इथे खालचं फायबर पस्तीस-चाळीस वर्षांचं, पूर्ण कडक झालेलं, त्याच्यावर पॉलिएस्टर नुसतं चिकटून राहतं आणि इपॉक्सीची पकड त्यापेक्षा किती तरी चांगली. बिजागरीवर सगळ्या छपराचा ताण येतो, तिथे मला धोका नको होता. इपॉक्सी घेतलं म्हणून मॅट बाद, कारण मॅटमधले धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन नावाच्या द्रवाने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं, मग मॅट ताठच राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. त्यामुळे विणलेलं कापड वापरलं, कडा लांबवर उतरत्या घासून घेतल्या, आधी लहान तुकडा मग त्याहून मोठा असे थर दिले. ट्रेची छोटी चीर होती ती मात्र पॉलिएस्टरने केली. इथे रेझीन मिळतं त्यात ते लवकर कडक व्हावं म्हणून लागणारा अॅक्सिलरेटर आधीच मिसळलेला असतो, नुसता हार्डनर टाकायचा, एक ते दोन टक्के. तुमच्याकडे दोन्ही वेगळे येतात ना, तुझ्या पोरांना परत एकदा बजाव की ते दोन्ही कधीही थेट एकमेकात ओतायचे नाहीत, आधी एक रेझीनमध्ये पूर्ण ढवळायचा मगच दुसरा, नाहीतर स्फोट होतो. तू हे जाणतोस पण नवीन पोरगा घाईत काय करेल सांगता येत नाही, म्हणून लिहिलं.

हवामानाने फार छळलं. १५ डिग्रीच्या खाली रेझीन नीट धरत नाही आणि इथे मे महिन्यातसुद्धा सकाळी शेडमध्ये १०-११ असायचं. त्यात रविवारी ग्राइंडर लावता येत नाही, रविवारची शांतता इथे कायद्याने पाळतात, म्हणजे आवाजाची कामं सगळी शनिवारी आणि चिकटवायची कामं रविवारी, असं वेळापत्रक आपोआपच पडलं.

ट्रेखालचा गंज घासून प्राइमर मारला आणि जुनं सिलिकॉन कणाकणाने काढलं. सिलिकॉनचा अंश जरी राहिला तरी त्यावर रंग धरत नाही आणि दुसरं काही चिकटतही नाही, त्यामुळे असल्या जागी सिलिकॉन लावणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, पुढच्या माणसाचं काम तिप्पट होतं. आता पॉलियुरेथेन सीलंट लावलंय. बोल्ट स्टेनलेसचे, पण बिजागरी अॅल्युमिनियमची म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर आणि पेस्ट, खाऱ्या हवेत हे दोन धातू एकमेकांना कसे खातात ते तुला मी काय सांगू.

आता कापड. जुनं उतरवतानाच निम्मी शिकवणी झाली. वरची कड पट्टीवर पिना मारून आणि खालची कड पट्टी आणि स्क्रूने धरलेली. पिना साध्या लोखंडी, प्रत्येकीभोवती गंजाचा तपकिरी डाग आणि त्या डागापुरतं कापड जळल्यासारखं ठिसूळ, नख लावलं की भोक. म्हणून नव्या पिना स्टेनलेसच्या मागवल्या, थोड्या महाग पडतात पण पुढची वीस वर्षं बघायला नको. प्रत्येक पट्टीच्या मागे पेन्सिलने डावी-उजवी लिहून ठेवलं, दिसायला सारख्या दिसतात पण भोकं जुळत नाहीत.

कापड कुठलं घ्यायचं यावर बरेच दिवस घातले. अॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धाग्याचं कापड, उन्हाला फार टिकतं, रंग उडत नाही, लवकर वाळतं. पण मी शेवटी कॉटनचा कॅनव्हास घेतला, कारण तो श्वास घेतो, आत चार माणसं झोपली तरी सकाळी भिंतींना थेंब नसतात, आणि पावसात भिजला की धागा फुगून विणीतली भोकं स्वतःच बुजवतो. नव्या कॉटनला म्हणूनच आधी पाणी मारून भिजवायचं, वाळवायचं, परत भिजवायचं, पहिल्या पावसात शिवणीतून थोडं झिरपलं तर घाबरायचं नाही. आणि साबणाने कधी धुवायचा नाही, पाणी न धरण्याचा गुणच जातो. इथल्या एका सॅटलरने, म्हणजे सीटकव्हर, ताडपत्री शिवणाऱ्याने, तो शिवला, साडेचारशे युरोत, तीन बाजूंना जाळीच्या खिडक्या. त्याला जुनं कापड नेऊन दिलं तर म्हणाला हे माप धरायचं नाही, हे ताणून ताणून वाढलंय, आणि स्वतः येऊन छप्पर उघडून मापं घेतली. असा माणूस भेटला की बरं वाटतं.

बसवताना पुढची आणि मागची मधली रेघ आधी आखली, मधून सुरुवात करून कोपऱ्यांकडे गेलो, चार-चार पिनांवर टांगून छप्पर दहा वेळा उघड-बंद करून बघितलं आणि घड्या आत पडतायत याची खात्री झाल्यावर बाकीच्या मारल्या. आतून इलॅस्टिकची दोरी असते ती कापडाला आत ओढते, ती नवीन टाकली. आणि छप्पर खाली घेताना सरकता दरवाजा उघडा ठेवायचा, नाहीतर आतल्या हवेने कापड बाहेर फुगतं आणि रबराखाली चिमटतं. जुन्या कापडाच्या कोपऱ्यातली भोकं अशीच पडलेली असणार.

आता तुझ्या भावाचं. ट्रॅव्हलर व्हॅनचं छप्पर कापून असं काही करायचं त्याच्या मनात आहे ना, त्याला सांग ग्राइंडर हातात घेण्याआधी आरटीओत जाऊन लेखी विचार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा आणि आरसीवरच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. फायबर तुम्ही माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं करता, तो प्रश्नच नाही. परवानगी मिळालीच तर कापड मात्र कॉटनचं नको, कोकणातल्या पावसात ते जून ते सप्टेंबर वाळणारच नाही, आणि ओलं बंद केलेलं कापड एक-दोन दिवसात उघडून वाळवलं नाही तर बुरशी धरते, ते काळे ठिपके परत जात नाहीत. तिकडे अॅक्रिलिकच.

पाईपची परीक्षा परत केली, दोन्ही बिजागऱ्या, ट्रे, रबर, सगळं कोरडं. गेल्या आठवड्यात ब्लॅक फॉरेस्टमध्ये रात्रभर पाऊस होता आणि दोन्ही पोरं वर झोपली, सकाळी मी हात घालून सगळे कोपरे तपासले, गादी कोरडी. मला इतका आनंद झाला की लगेच तुला फोन करणार होतो.

एक विचारायचं राहिलं. ट्रेच्या जेलकोटवर बारीक जाळीसारख्या भेगा आहेत, खोल नाहीत, नाणं वाजवलं तर आवाज चांगला येतो. नुसता घासून टॉपकोट मारू की खाली सरफेस टिश्यूचा, म्हणजे काचधाग्याच्या पातळ कागदासारख्या कापडाचा, एक थर देऊ? होडीवर तू काय करतोस? फोटो रात्री पाठवतो, थंडी पडायच्या आत करून टाकायचंय, त्यामुळे जमेल तितक्या लवकर कळव.

काकूंना नमस्कार सांग, वहिनींना आणि पोरांना आठवण सांग.

तुझा,
प्रशांत