अथर्वसाठी पावसाची पुस्तके

गावभाग, सांगली
दि. 18 मे

चि. रेवा हिस,
अनेक आशीर्वाद.

परवाच्या वळवात अथर्व पांघरुणात शिरून बसला आणि आभाळ निवळल्यावरही बाहेर येईना, हे ऐकून जीव कळवळला. वादळ-पावसावरची चांगली पुस्तके पाठव, असे तू म्हणालीस. शाळेच्या वाचनालयात सत्तावीस वर्षे काढली असल्यामुळे हे काम मला सोपे वाटले होते; पण गेले चार दिवस कपाट उघडून एकेक पुस्तक चाळते आहे आणि बरीचशी बाजूलाच काढून ठेवते आहे. त्याची कारणे तुला कळावीत, म्हणून हे पत्र.

मुलांच्या पुस्तकांतला पाऊस पुष्कळदा आपला नसतोच. भाषांतर मराठीत असते, पण चित्रात धुराडे, शेकोटी आणि खेळ बुडाला म्हणून खिडकीशी रुसून बसलेले मूल असते. आपल्याकडे दोन महिने सगळे घर आभाळाकडे डोळे लावून बसते. दुपारी अंगाची लाही होते, मग एकाएकी वावटळ उठते, पत्रे वाजू लागतात, वाळत घातलेल्या कुरडया उचलायला धावाधाव होते आणि पहिले टपोरे थेंब धुळीत पडताच मातीचा वास दरवळतो. हे ज्या पुस्तकात आहे, ते अथर्व आपले म्हणून वाचेल. दुसरीकडे, पाऊस आला की शेतकरी हटकून नाचतानाच दाखवायचा, हेही अर्धेच सत्य आहे. मार्च महिन्यात तासगावकडे द्राक्षाच्या घडांवर गारा पडल्या किंवा शेडमध्ये वाळत घातलेला बेदाणा भिजला, तर त्या घरी काय होते, हे तू लहानपणी मावशीकडे पाहिले आहेस.

चित्रांतल्या चुका तर मी भिंग घेऊन शोधते, असे तुझे बाबा म्हणत असत. परवा एका सुंदर चित्रात सूर्य आणि इंद्रधनुष्य शेजारी शेजारी दिसले. इंद्रधनुष्य नेहमी सूर्याच्या समोरच्या बाजूला, म्हणजे सूर्याकडे पाठ करून उभे राहिले की दिसते. थेंबही सगळीकडे आसवासारखे, वर टोक असलेले काढतात. खरा लहान थेंब गोल असतो आणि मोठा थेंब हवेच्या दाबामुळे खालून चपटा होतो. सहा वर्षांच्या मुलाला एवढे कशाला, असे तुला वाटेल. पण त्याच वयात मूल चित्र घेऊन खिडकीशी जाते आणि पडताळून पाहते, म्हणून मला ते महत्त्वाचे वाटते.

आता गडगडाटाविषयी. आभाळात म्हातारी हरभरे भरडते आहे, ही गोष्ट त्याला जरूर सांग. मीही तुला सांगितली आणि मला माझ्या आजीने सांगितली. मात्र तो "खरंच का?" असे विचारील, तेव्हा म्हातारीच्या आड लपू नकोस. वीज चमकते तेव्हा तिच्या वाटेतली हवा सुमारे 30,000 अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि एकदम फाकते, त्या धक्क्याचा तो आवाज असतो, असे सरळ सांग. उजेड तत्क्षणी दिसतो, आवाज मात्र सेकंदाला साधारण 340 मीटर वेगाने येतो. म्हणून चमकल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले की वीज किती किलोमीटरवर होती, ते कळते. मागच्या वर्षी तो इथे आला असताना आम्ही दोघे स्वयंपाकघरात पाटावर बसून असेच मोजत होतो. त्याने माझा अंगठा घट्ट धरला होता. पहिल्या खेपेस नऊ आकडे झाले, मग बारा, मग सतरा. आणि वीज लांब चालली आहे हे स्वतःच्या मोजणीने कळल्यावर त्याने अंगठा सोडला. अशी मोजणी ज्या पुस्तकात आहे, ते गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवले आहे. तीस आकड्यांच्या आत आवाज आला तर घराबाहेर थांबायचे नाही आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर जायचे नाही, हेही त्याच्याकडून पाठ करून घे. विजेची सूचना देणारे 'दामिनी' अ‍ॅप तुमच्या पुण्यातल्या पाषाणच्याच हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. एकदा त्याला त्या रस्त्याने घेऊन जा.

पुराविषयी मात्र मनासारखे एकही पुस्तक सापडले नाही. सगळ्यांत धो धो पाऊस पडतो आणि मग पूर येतो. आपल्या सांगलीत तसे नसते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, तर आपल्याच जिल्ह्यातल्या जत-आटपाडीकडे तो जेमतेम पाचशेच्या आसपास. त्यामुळे इथे ऊन पडलेले असतानाही वरच्या पावसाचे आणि कोयना धरणातून सोडलेले पाणी कृष्णेतून गावात शिरू शकते. माणसे आभाळाकडे न पाहता नदीवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आहे ते विचारतात. 45 फुटांना धोक्याची पातळी आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेले, हे आपल्या घराने भोगले आहे. हे पुस्तक कोणीतरी इथल्याच माणसाने लिहायला हवे, असे मला फार वाटते.

त्या पुरात खालच्या कप्प्यातली तुझी पुस्तके भिजली, हे तुला ठाऊक आहे. पण तुझे ते पावसाचे चित्रांचे पुस्तक मी टाकले नव्हते. पानापानात वर्तमानपत्र घालून, दर दोन तासांनी ते बदलून, पंख्याखाली आठवडाभर वाळवले. दोन पाने चिकटली ती सुटली नाहीत आणि कडेला बोटभर रुंदीची गाळाची तपकिरी रेघ राहिली. तेही या गठ्ठ्यात आहे. ती रेघ कसली, असे तो विचारीलच. तेव्हा त्याला मला फोन लावून दे, मी सांगेन.

एकूण पाच पुस्तके सोमवारी एस.टी.च्या पार्सलने निघतील. निळ्या वेष्टनाच्या पुस्तकात मुले वादळात झाडाखाली आसरा घेतात, असे एक पान आहे. गोष्ट इतकी चांगली आहे की ते ठेवून घ्यावेसे वाटेना, म्हणून पाठवते आहे. पण विजा चमकत असताना झाडाखाली थांबायचे नसते, तेव्हा त्या पानावर मी पांढरा कागद चिकटवून मुलांना धावत शाळेत नेले आहे. अक्षर माझेच आहे, ते त्याला आधी सांग.

तुझी,
आई