चाचपणं आणि दाबणं

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र फोनला बोलून लिहितोय. शुद्धलेखनाच्या चुका त्याच्या, बाकी सगळं माझं.

शेगडीच्या पॅनेलचं काम तुझ्याकडे आलं हे कळल्यापासून डोक्यात दुसरा विषय नाही. तू म्हणालीस, "बाबा, काचेवर ब्रेल द्यायचं चाललंय." द्या की. पण मला ब्रेल कुठे येतं? काचबिंदूने नजर गेली तेव्हा पन्नाशी उलटली होती. त्या वयात दृष्टी गेलेल्या कितीतरी जणांची बोटं ती सहा टिंबं शिकलेलीच नसतात. बरं, येत असतं तरी काय? ब्रेल वाचायला बोट फिरवावं लागतं आणि टच पॅनेल बोट टेकताच चालू होतं. चाचपणं आणि दाबणं यातला फरक त्या काचेला कळत नाही. खरं दुखणं हे आहे, अक्षरांचं नाही.

आपली इंडक्शन आठव. पहिल्याच दिवशी पाणी ठेवलं आणि बंद करायचं बटण शोधायला बोट सरकवलं. टुं. पुन्हा टुं. आच वाढली तरी टुं, कमी झाली तरी तोच टुं. शेवटी बटणांना कुलूप लागलं असावं, कारण मग काही केल्या ऐकेना. पाणी खदखदतंय आणि मी गुळगुळीत काचेवर बोटं फिरवतोय! भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं तेव्हा सुटलो. घरातलं सगळ्यांत समजूतदार बटण तेच. पुढे युक्ती सापडली: उणे दाबत तळाला जायचं आणि तिथून मोजत वर यायचं. पण मध्येच पॅनेलवर पाणी सांडलं की त्याला तेही बोटच वाटतं.

इंडक्शनला मी नावं ठेवत नाही हं. ज्योत नाही, बाही पेटायची भीती नाही, भांडं उचललं की तापवणं थांबतं. मात्र काच भांड्याच्या उष्णतेने तापलेली असते, आणि भांडं नेमकं कुठे ठेवायचं हे हाताला सांगणारं तिच्यावर काहीच नसतं. गॅसवर कसं, थंड असतानाच जाळीच्या दांड्या चाचपून भांडं मध्यावर ठेवतो आणि मगच पेटवतो. काचेवर भांड्याच्या जागेबाहेर चार बारीक उंचवटे दिलेत तरी माझं काम भागेल.

गॅसच्या नॉबवर आधी मी हौसेने घट्ट रंगाचे पाच ठिपके दिले होते. गोंधळ झाला. नखाने खरवडून दोनच ठेवले: एक नॉबच्या टोकावर, एक पट्टीवर 'बंद'पाशी. दोन्ही समोरासमोर आले की बंद. बाकीचं कान बघतात. मोठा गॅस फुरफुरतो. बारीक गॅस मात्र ऐकूच येत नाही, वाऱ्याने विझला तरी कळत नाही. गॅसला मुळात वास नसतो, मुद्दाम मिसळलेला असतो, पण तो नाकापर्यंत येण्याची वाट का पाहायची? ज्योतीत थर्मोकपल, म्हणजे ज्योतीची उष्णता ओळखणारी काडी, असलं तर ते थंड पडताच गॅसची झडप आपोआप बंद होते. ही सोय महागड्या मॉडेलपुरती ठेवू नका, एवढं तुझ्या साहेबांना सांग.

तुमच्या काचेच्या शेगडीलाही फिरवायचा नॉब द्या. त्याला चोच हवी, प्रत्येक पायरीला 'कट्' हवं आणि बंदची जागा अशी की हात तिथे अडलाच पाहिजे. छापलेली पांढरी रेघ मला काय कामाची? टचच ठेवायचं असेल तर बटणांभोवती उंच कड द्या आणि वाढ, घट, बंद यांचे आवाज तरी वेगळे ठेवा. फोनचं ॲप वरून द्यायचं तर द्या, पण ओल्या हाताने आधी फोन आणि मग शेगडी, हा द्राविडी प्राणायाम कोण करणार?

आणि हो, डोळ्यांना पट्टी बांधून चाचणी घेऊ नका. पट्टीवाला माणूस घाबरलेला असतो, मी नसतो. माझ्यासारख्या चार जणांना बोलवा, रोज स्वयंपाक करणाऱ्या.

पहिला नमुना झाला की घरी घेऊन ये. पाणी मी ठेवतो. कुठलं बटण कुठे आहे ते मात्र आधी सांगायचं नाही.

तुझा,
बाबा