सायलेन्सरमधली ‘माती’ आणि रस्त्याकडेची माती

महोदय,

मारुतीच्या इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. चोरांना हवी असते ती आतली ‘माती’, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या जाळीचा चुरा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असते. चोरीची चर्चा भरपूर होते. हीच माती रस्त्याकडेला सांडत असते, तिच्याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

१९९५मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिशाने तो निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही आले. शिसे गेले, प्लॅटिनम आले! सौदा फायद्याचाच होता, यात वाद नाही.

सिरॅमिकच्या जाळीवर ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा) पातळ लेप असतो आणि त्या लेपात हे धातू. हादऱ्यांनी, तापण्या-थंडावण्याने लेप झिजतो आणि कण धुराबरोबर बाहेर पडतात. प्लग किंवा कॉइल बिघडून गाडी मिसफायर करू लागली, की न जळलेले पेट्रोल जाळीतच पेटते; जाळी वितळते नाहीतर तडकते. स्पीडब्रेकरला आपटून कन्व्हर्टरचा डबा चेपला तरी तीच गत. आत खडखड वाजू लागले तर जाळी फुटली समजावे.

पण धुरापेक्षा हातोडा वाईट. ‘पिकअप वाढतो’ म्हणून काही गॅरेजांत जाळी फोडून काढतात आणि चुरा दारातच झाडतात. मोटारीच्या एका डब्यात दोन ग्रॅम धातू आणि धुरातून किलोमीटरमागे शंभर नॅनोग्रॅम गळती धरली, तर तो एक डबा दोन कोटी किलोमीटरच्या धुराएवढा भरतो. सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन झारेकरी सोने काढतात. इथली धूळ थेट गटारात. डबा न कापता अख्खाच नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावा. फुटलाच तर मास्क लावून, चुरा ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बंद करावा. झाडू किंवा ब्लोअर लावू नये.

माती तपासणाऱ्यांसाठी दोन शब्द. रस्त्याच्या कडेपासून अर्धा, एक, दोन, पाच आणि दहा मीटरवर वरच्या पाच सेंटिमीटरचे नमुने घ्यावेत. या धातूंचे आकडे पहिल्या काही मीटरांतच झपाट्याने उतरतात. खुरपे प्लॅस्टिकचे हवे, बोटातली अंगठी काढलेली बरी, म्हणजे नमुन्यात बाहेरचा धातू मिसळत नाही. आपल्या बेसाल्टमध्ये प्लॅटिनम-पॅलेडियम मुळातच सरासरी भूकवचापेक्षा जास्त असते, त्यामुळे परदेशी आकड्यांशी तुलना फसते. त्याच भागातली, रस्त्यापासून लांबची माती संदर्भाला घ्यावी. ऱ्होडियम खडकात नगण्य असते, म्हणून गाड्यांची खूण तीच पक्की. अडचण अशी की ते आम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) पुरते विरघळत नाही. शिवाय धातूंचे सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रात मातीतल्याच हाफ्नियम या धातूचे ऑक्साइड प्लॅटिनम म्हणून आणि यिट्रियमचे ऑक्साइड पॅलेडियम म्हणून मोजले जाते. ही दुरुस्ती न करता दिलेला अहवाल कागदावरच मातीचे सोने करतो.

महापालिकेला एकच विनंती. यांत्रिक झाडूने गोळा केलेली बारीक धूळ दुभाजकातल्या झाडांना किंवा उद्यानाच्या वाफ्यांत भरावाला वापरू नये. या तिघांत पॅलेडियम सर्वांत लवकर विरघळते आणि झाडांत शिरते. धूळ वेगळी साठवावी आणि वापरण्याआधी तिची वरीलप्रमाणे तपासणी करावी.

– एक वाचक, पुणे