रविवारचा विषय: फुलांची राजकन्या

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता तलावपाळीजवळच्या आपल्या नेहमीच्या खोलीत जमायचं आहे. अ‍ॅक्रिलिक रंग, दोन ब्रश, जुनं फडकं आणि एक खरं फूल आणा. जांभळी नाक्यावर ताजी मिळतात.

रंग पाचच ठेवा. झग्याला अबोली साधारण ६० टक्के, चाफ्याचा फिका पिवळा ३०, उरलेल्या १० मध्ये पानाचा हिरवा, गोकर्णीचा निळा आणि पांढरा.

अबोलीसाठी पांढऱ्यात आधी थोडा पिवळा, मग लाल थेंबाथेंबाने. लालात पांढरा घालत बसलात तर डबी संपते, छटा येत नाही. ओल्या अबोलीला हिरवा लागला की चिखल होतो. थर वाळू द्या. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतो, म्हणून पाचही रंगांची पट्टी आधी वाळवून बघायची. पट्टी दाखवल्याशिवाय मोठा कागद मिळणार नाही.