पेटी, कनेक्टर आणि थंडावा: मुलीस पत्र

नागपूर, १२ एप्रिल

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सौरपंपाच्या कंट्रोलरसाठी तू केलेल्या पेटीच्या रचनेवर पेटंटचा अर्ज करावा असे तुझ्या वरिष्ठांनी सुचवले, आणि त्याच बैठकीत एका सहकाऱ्याने "शोध सर्किटमध्ये असतो, डब्यात कसला आला शोध," असे म्हटल्यामुळे तू विचारात पडलीस, हे वाचले. हिंगण्याच्या एमआयडीसीत माझी सारी नोकरी अशाच पेट्या, त्यांच्या तारा जोडणारे कनेक्टर आणि त्यांना थंड ठेवण्याची साधने यांच्या आराखड्यांत गेली. म्हणून तुझ्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर लिहिते.

भारतात अशा प्रकारचा हक्क पहिल्यांदा मागितला गेला तो थंडाव्याच्याच यंत्रासाठी. १८५६ च्या कायद्यानंतर ३ मार्च १८५६ रोजी कलकत्त्याचे स्थापत्य अभियंता जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी छताचा पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी अर्ज केला होता. हवा हलवण्याची एक चांगली युक्ती तेव्हाही शोध मानली गेली. तुझ्या सहकाऱ्याला हे सांगायला हरकत नाही, पण तुझ्या शंकेचे खरे उत्तर इतिहासात नाही, तर पेटीवर पडणाऱ्या मागण्यांच्या परस्परविरोधात आहे.

पाणी आणि धूळ आत येऊ नये म्हणून पेटी बंद हवी, आणि उष्णता बाहेर जावी म्हणून ती उघडी हवी. तार आत जाण्यासाठी भिंतीला भोक हवे, आणि भोक पडले की बंद पेटी बंद राहत नाही. सर्किट करणारा माणूस आपले काम कागदावर पुरे करू शकतो; पेटी करणाऱ्याला मात्र ऊन, पाऊस, धूळ, शेतातला उंदीर आणि पाना घेऊन आलेला घाईतला मेकॅनिक या सर्वांचा एकाच वेळी विचार करावा लागतो. पेटी, कनेक्टर आणि कूलिंग ही तीन खाती कंपनीत वेगवेगळ्या टेबलांवर असतात, पण शोध बहुधा त्या टेबलांच्या मधल्या जागेत सापडतो, असे माझे ठाम मत आहे.

आधी उन्हाचे पाहू. भर दुपारी कडक उन्हात दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. ३० बाय ४० सेंटिमीटरच्या गडद रंगाच्या माथ्यावर म्हणजे १२० वॅटच्या आसपास. ३.७ किलोवॅटच्या पंपाला ९६ टक्के कार्यक्षमतेने वीज देणारा कंट्रोलर स्वतः दीडशे वॅटच्या आसपास उष्णता सोडतो. इतर बहुतेक उपकरणांचा भार आणि ऊन यांचा एकमेकांशी संबंध नसतो. तुझ्या उपकरणाचा मात्र ऊन जितके तीव्र तितका भार जास्त असतो, आणि म्हणून वाईट घटका दोन्हीकडून एकदमच येते. आपल्याकडे २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली होती. पुण्यातल्या प्रयोगशाळेत २५ अंशांवर जो हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग, उत्तम ठरतो, त्याच्या हाती येथे जवळपास २३ अंश कमी उरतात. कंट्रोलरमधील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीने साधारण निम्मे होते, हा ठोकताळा लक्षात घेतलास तर त्या २३ अंशांची किंमत तुझ्या ध्यानात येईल. पांढरी पावडर कोटिंग आणि माथ्यावर वेगळे छप्पर हे उपाय स्वस्त आहेत; ते केल्याशिवाय मोठ्या हीटसिंकचा विचारही करू नकोस.

उष्णतेच्या वाटेतील सर्वांत मोठा अडथळा अनेकदा डोळ्यांना दिसत नाही. अॅल्युमिनियमच्या एक्स्ट्रुजनची उष्णतावाहकता सुमारे २०० आणि स्थिर हवेची सुमारे ०.०२६, म्हणजे साडेसात हजार पटींचा फरक. मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करताना तापणारे घटक, आणि भिंत यांच्यामध्ये केसाएवढी हवेची फट राहिली तरी बाहेरच्या सुंदर फिन, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या पात्या, निरुपयोगी होतात. तू पाठवलेल्या आराखड्यात चारही स्क्रू कोपऱ्यांत आहेत आणि मॉस्फेट मध्यभागी आहेत. तेथे पत्रा किंचित वर उचलला जाईल. दाब मध्यभागी पडेल अशी क्लिप कर.

आता पावसाचे पाहू, कारण तुझ्या कल्पनेचा गाभा तेथे आहे. रोहिणीच्या उन्हात पेटीतील हवा ७० अंशांवर गेलेली असते आणि मृगाची पहिली सर कोसळली की काही मिनिटांत ती ३० अंशांवर येते. बंद जागेतील हवेचा दाब तापमानाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे ३४३ केल्विनवरून ३०३ केल्विनवर येताना तो सुमारे १२ टक्के कमी होतो, आणि हे जवळजवळ सव्वा मीटर पाण्याच्या दाबाइतके आहे. आयपी हे धूळ-पाणी आत येऊ न देण्याचे मानांकन; त्यातल्या आयपी ६७ च्या चाचणीत पेटी अर्धा तास एक मीटर पाण्यात ठेवतात, हे आठव. आयपी ६५ ची पेटी पाण्याचा फवारा सहज सहन करते, परंतु चाचणीत पाणी आणि पेटी यांचे तापमान जवळपास सारखे असते. शेतात तसे नसते. गॅस्केट, म्हणजे झाकणाखालची रबरी पट्टी, टिकले, तर पेटी कनेक्टरमधून पाणी ओढते, आणि कनेक्टरही पक्का असला, तर केबलच्या आवरणाखालील बारीक तारांच्या फटींतून ओढते. मग आत ओल येते, पीसीबीवर हिरवट थर दिसू लागतो, आणि सर्व जण गॅस्केटला दोष देतात.

पेटीला श्वास घेऊ द्यावा हा यावरचा उपाय जुना आहे. १९६९ मध्ये रॉबर्ट गोर यांना टेफ्लॉनची तापवलेली कांडी झटक्यात ओढली की तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार होतात असे आढळले, आणि त्याचे अमेरिकी पेटंट १९७६ मध्ये मिळाले. अशा पातळ पडद्यातून हवा आणि वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही. तू हा पडदा पेटीच्या भिंतीत न बसवता खाली तोंड केलेल्या कनेक्टरच्या घेरात बसवलास, म्हणजे वेगळे भोक वाचले आणि पडद्यावर पाणी किंवा माती साचण्याचा धोकाही गेला. ही रचना मला फार आवडली. तरीही कनेक्टरमध्ये असा पडदा बसवण्याची नुसती कल्पना जगात कोणालाच सुचली नसेल, असे समजू नकोस. ती जुनी आहे असे गृहीत धरूनच शोध घे आणि उरते ते काय आहे ते पाहा.

हे सांगताना मला माझ्या स्वतःच्या पेटंटविषयी लिहिले पाहिजे. माझ्या पेटीत दोनच गोष्टी होत्या: पाठीमागे उभ्या फिन आणि त्यांच्यावर थोड्या अंतरावर उन्हापासून आडोसा करणारा पत्रा. पहिल्या परीक्षण अहवालात परीक्षकांनी फिन असलेला एक जुना दस्तऐवज आणि आडोशाचा दुसरा दस्तऐवज दाखवला आणि पेटंट कायद्याच्या कलम ३ मधील उपकलम (एफ) पुढे केले. ज्ञात साधने आपापले काम पूर्वीसारखेच स्वतंत्रपणे करत असतील, तर त्यांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी हा शोध ठरत नाही, असे ते कलम सांगते. आमचे उत्तर असे होते की येथे ती स्वतंत्रपणे काम करत नाहीत. पत्रा उन्हाने तापतो, त्याच्यामागच्या अरुंद पोकळीतील हवा वर चढते, आणि तिच्या ओढीने खालची हवा फिनमधून वेगाने जाते. म्हणजे ज्या उन्हापासून पेटीला वाचवायचे, तेच ऊन तिचा पंखा चालवते. पत्रा काढून आणि फिन झाकून घेतलेली मोजमापे आम्ही सोबत जोडली. दाव्यात, म्हणजे हक्क नेमका कशावर मागतो हे सांगणाऱ्या वाक्यात, पोकळीची रुंदी फिनच्या उंचीच्या प्रमाणात बांधावी लागली, त्यामुळे त्याची व्याप्ती कमी झाली, परंतु जे आम्ही खरोखर शोधले होते ते नेमके त्यात राहिले. रुंद दावा मिळवून देण्याचे आश्वासन कोणी दिले तर भुलू नकोस. अरुंद आणि पक्का दावा मला अधिक मोलाचा वाटतो.

तुझ्या बाबतीत हाच प्रश्न स्वतःला विचार: पडदा कनेक्टरमध्ये गेल्यामुळे तो असे काय करतो, जे भिंतीत करत नव्हता? तुझ्या टिपणातील एक ओळ तू स्वतः फारशी महत्त्वाची मानलेली नाहीस, पण माझी नजर तेथेच थांबली. पिनांमधून जाणाऱ्या प्रवाहाने घेर किंचित गरम राहतो आणि त्यामुळे पडद्यावर दव धरत नाही, असे तू लिहिले आहेस. हे मोजमापांनी सिद्ध झाले, तर कनेक्टरची उष्णता, जी आजवर आपण केवळ त्रास म्हणून पाहिली आणि जिच्यासाठी डीरेटिंग करत, म्हणजे क्षमतेपेक्षा कमी प्रवाह घेत आलो, ती पडदा कोरडा ठेवण्याच्या कामी येते. शोध तेथे आहे असे मला वाटते. मात्र ती पिनांची तापमानवाढ मर्यादेत आहे ना, तेही तपास, कारण कथिलाचा मुलामा असलेल्या पिना तापण्या-निवण्याने सूक्ष्म सरकत राहतात, त्यांच्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि प्रवाहाला होणारा विरोध वाढत जातो.

जुने दस्तऐवज शोधताना शब्दांवर अवलंबून राहू नकोस, कारण एकाच वस्तूला प्रत्येक अर्जदार निराळे नाव देतो. पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील क्रमांकांनी शोध: पेट्यांसाठी एच०५के ५, उपकरणांच्या शीतनासाठी एच०५के ७/२०, कनेक्टरसाठी एच०१आर आणि हीट पाइपसाठी, म्हणजे आतल्या द्रवाच्या वाफेने उष्णता वाहून नेणाऱ्या बंद नळीसाठी, एफ२८डी १५/०२. मी शिकले तेव्हा सेमिनरी हिल्सवरील पेटंट माहिती केंद्रात जाऊन दस्तऐवज पाहावे लागत. ते केंद्र १९८० मध्ये नागपुरात सुरू झाले होते. आता भारतीय आणि परदेशी पेटंटे घरबसल्या विनामूल्य वाचता येतात, आणि दाव्यांचे मसुदे कसे लिहावेत हे शिकायचे असेल तर येथे हिस्लॉप कॉलेज रोडवर राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहेच. जुने पेटंट मुदत संपली म्हणून निकामी समजू नये. हीट पाइपचे मूळ पेटंट जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांना १९४४ मध्ये मिळाले होते, तिचा उपयोग मात्र १९६३ मध्ये लॉस अॅलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधल्यानंतर सुरू झाला. आपल्या कूलरची गवताची ताटी जशी पाणी धरून ठेवते, तशी तिच्या आतली वात द्रव धरून परत गरम टोकाकडे आणते.

शोधक म्हणून नावे घालताना काटेकोर राहा. अर्जदार कंपनी असेल, पण कलम २८ प्रमाणे शोधकाचे नाव पेटंटमध्ये यावे अशी सोय आहे आणि ते खरे असले पाहिजे. माझ्या पेटंटमध्ये फॅब्रिकेशन शेडमधील फिटरचे नाव माझ्या बरोबरीने आहे, कारण पोकळी वरच्या बाजूला किंचित रुंद ठेवण्याची सूचना त्यांची होती आणि तिच्याशिवाय हवेचा ओढा टिकत नव्हता. घेराचे तोंड तिरके कापावे असे तुमच्या टूलरूमच्या माणसाने सुचवले, असे तू लिहिले आहेस. तो तिरकेपणा दाव्यात येणार असेल, तर त्यांचे नावही शोधकांत आले पाहिजे. विभागप्रमुखांचे नाव केवळ पदामुळे घालायला कोणी सांगितले, तर नम्रपणे नकार दे.

मुदतींचे थोडक्यात सांगते. तात्पुरता विनिर्देश, म्हणजे शोधाचे प्राथमिक वर्णन, आधी दाखल केला तर पूर्ण विनिर्देशासाठी १२ महिने मिळतात, परीक्षणाची विनंती २०२४ च्या बदललेल्या नियमांनुसार ३१ महिन्यांत करावी लागते आणि हक्काची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. माझ्या पेटंटची मुदत संपली आहे, तेव्हा आडोशाची ती रचना तू तुझ्या कंट्रोलरवर निःसंकोच वापर. सौरपंपाला ती माझ्या पेटीपेक्षाही अधिक शोभेल.

अर्ज दाखल होण्यापूर्वी ही पेटी कोणत्याही प्रदर्शनात मांडू नका आणि तिची छायाचित्रे विक्री विभागाला देऊ नका, कारण एकदा ती लोकांसमोर आली की नवीनतेचा मुद्दा तुमच्याच हाताने जातो. नमुना मात्र मे अखेरचा नवतपा लागण्यापूर्वी येथे पाठव. मी तो गच्चीवर पूर्ण भारावर चालवीन, दुपारी दोनच्या सुमारास त्यावर नळाचे थंड पाणी सोडीन आणि आतला दाब, आर्द्रता व घेराचे तापमान यांच्या नोंदी तुला कळवीन. एक कनेक्टर पडद्यासह आणि एक पडद्याशिवाय पाठव, म्हणजे तुलना होईल. पहिल्या दाव्याचा मसुदा वकिलाकडे जाण्याआधी तू स्वतः लिही, तो एकाच वाक्यात असू दे, आणि मला पाठव.

तुझी,
आई